स्लोला थरथरणारं आउटबोर्ड आणि खालून येणारी खडखड: इंजिन खोलण्याआधी काय काय बघायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. देवबागला पर्यटकांना फिरवणारी फायबरची होडी, मागे ४० हॉर्सपॉवरचं दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागच्या फळीला बाहेरून आवळायचं इंजिन. पावसाळाभर पडवीत झाकून ठेवलं होतं, आता हंगामाला उतरवलं. पूर्ण रेसला व्यवस्थित पळतं, पण स्लोला आणलं की अख्खी होडी थरथरते, दोन-तीन मिनिटांत इंजिन बंद पडतं आणि खालून खडखड ऐकू येते. गॅरेजवाल्याने नुसतं ऐकून सांगितलं, ‘क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा आतला मुख्य दांडा) गेलाय, इंजिन खोलावं लागेल.’ खोलायचं का?

अजिबात खोलू नका, निदान आत्ता तरी. तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात: पूर्ण रेसला व्यवस्थित पळतं. क्रँकचं किंवा कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग खरंच गेलं असेल, तर भार आल्यावर आवाज वाढायला हवा, कमी व्हायला नको. तुमचं उलट आहे. इंजिन मिसिंग करतंय, म्हणजे मध्येमध्ये पेट चुकवतंय, म्हणून फ्लायव्हीलला (इंजिनाच्या डोक्यावरच्या जड चाकाला) एकसारखा जोर मिळत नाही. मग खालचा उभा शाफ्ट, त्याचे दाते, गिअर, डॉग क्लच (गिअर अडकवणारा दात्यांचा तुकडा) हे सगळे आपापल्या मोकळ्या जागेत पुढे-मागे आपटतात आणि त्याची खडखड होते. म्हणजे खडखड हा वेगळा आजार नसून मिसिंगचाच परिणाम असण्याची शक्यता जास्त आहे. आधी स्लो सुधारा, त्यानंतर जो आवाज उरेल त्याचा विचार करू. मी कितीतरी इंजिनं अशी बघितली आहेत, ज्यांचा ‘क्रँकचा आवाज’ कार्बोरेटर धुतल्यावर नाहीसा झाला.

सुरुवात एका सोप्या परीक्षेने करा. होडी जेट्टीला पुढून-मागून घट्ट बांधा, इंजिन गरम होऊ द्या आणि न्यूट्रलमध्ये खडखड ऐका. मग पुढचा गिअर टाकून तसंच स्लोला ठेवा. गिअर पडताच खडखड गेली किंवा बरीच कमी झाली, तर ती मोकळ्या शाफ्टची आणि दात्यांची होती, कारण पंख्यावर पाण्याचा भार आला की सगळी ढिलाई एका बाजूला दाबली जाते. टू-स्ट्रोक इंजिनात न्यूट्रलला थोडी खडखड असतेच. गिअरमध्येही आवाज तसाच राहिला आणि रेस वाढवताना तोही वाढत गेला, तरच काळजीचं कारण आहे.

ही परीक्षा पाण्यातच करायची, ड्रमात किंवा कानपट्टीला (पाणी ओढायच्या जाळीवर बसवायच्या रबरी कपांना) नळी लावून नाही. धूर पंख्याच्या मध्यातून पाण्याखाली सुटतो, त्यामुळे पाण्याचा मागचा दाब इंजिनाला सोसावा लागतो आणि स्लोचा स्वभाव बदलतो. अंगणात सुरेख चालणारं इंजिन खाडीत बंद पडतं, त्याचं निम्मं कारण हेच असतं. स्लोचा स्क्रूही पाण्यातच, गिअरमध्ये टाकून लावायचा.

आता पेट्रोलकडे येऊ, कारण माझा पहिला संशय तिथेच आहे. पावसाळाभर टाकीत जुनं पेट्रोल होतं का? होतं, तर ते आधी बाहेर काढा. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. कोकणातल्या जून-जुलैच्या हवेत, अर्धी रिकामी टाकी, तिचं हवेचं झाकण उघडं, म्हणजे पाणी आत जायला वाटच मोकळी. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाला बसतात. टाकीतली ओढनळीही तळालाच असते. टू-स्ट्रोकवाल्यांना यात आणखी एक धोका आहे. त्या तळाच्या थरात तुम्ही मिसळलेलं ऑइल जवळजवळ नसतं, म्हणजे इंजिन नुसतं मिसिंग करत नाही तर कोरडं चालतं. टाकीच्या तळाचं थोडं पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत काढा आणि अर्धा तास उभं ठेवा. मध्ये रेघ दिसली, खाली गढूळ थर दिसला, तर ते पेट्रोल होडीत पुन्हा घालू नका.

पेट्रोल बदलल्यावरही स्लो सुधारला नाही, तर कार्बोरेटर. त्यात स्लोसाठी वेगळी वाट असते, वेगळा जेट (पेट्रोल मोजून सोडणारा भोकाचा पितळी तुकडा) असतो आणि त्याचं भोक केसासारखं बारीक असतं. मोठ्या रेसचा जेट मोठा, तो सहसा बुजत नाही. दोन-अडीच महिने कार्बोरेटरच्या तळाच्या वाटीत राहिलेलं पेट्रोल उडून जातं, मागे चिकट वार्निश राहतं आणि पहिल्यांदा बुजतो तो स्लोचा जेट. ‘रेसला पळतं, स्लोला मरतं’ या तक्रारीचं हे सगळ्यात नेहमीचं कारण. उलट तक्रार असती, म्हणजे स्लोला ठीक पण रेस दिली की दम तोडतं, तर मी टाकीचं हवेचं झाकण, फिल्टर, पाइप आणि पेट्रोल पंपाकडे आधी बघितलं असतं.

कार्बोरेटर धुताना घाई करू नका. वाटी काढली की तळाला काय आहे ते आधी बघा आणि फोटो काढून ठेवा. पांढरी भुकटी किंवा हिरवट थर म्हणजे पाणी आत राहिलं होतं, पिवळट डिंक म्हणजे जुनं पेट्रोल. जेट काढून कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मारा, हवेने उडवा, उजेडात धरून भोक गोल दिसतंय का बघा. स्टीलची तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की तो जेट कायमचा बिघडला. जाळ्याचा बारीक तंगूस (नायलॉनचा दोरा) चालतो. स्लोच्या मिश्रणाचा स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने पूर्ण आत फिरवून किती फेरे झाले ते मोजून लिहून ठेवा आणि बसवताना तेवढेच फेरे बाहेर घ्या. जोराने आवळला तर त्याचं टोक दबतं आणि पुढे कितीही फिरवला तरी स्लो लागत नाही.

एक बारकावा उपयोगी पडेल. दोन्ही सिलिंडरांना एकच कार्बोरेटर असेल तर जेट बुजल्यावर दोन्ही सिलिंडर सारखेच कुरकुरतात. प्रत्येकाला वेगळा असेल तर एकच सिलिंडर सुटतो आणि थरथर जास्त जाणवते. कार्बोरेटरच्या तोंडातून अधूनमधून शिंकल्यासारखा आवाज येत असेल, तर स्लोला पेट्रोल कमी पडतंय असं समजा. आणि शिंकेबरोबर पेट्रोलचा तुषार उलटा बाहेर उडत असेल, तर रीड व्हॉल्व्ह, म्हणजे कार्बोरेटरच्या मागच्या पातळ पट्ट्यांच्या झडपा, तुटली किंवा उघडी राहिली आहे. ते कार्बोरेटर धुऊन जाणार नाही.

पाइपावरचा रबरी बल्ब फार काही सांगतो, पण लोक त्याला फक्त चालू करण्यापुरता दाबतात. इंजिन स्लोला चालू असताना, बंद पडायच्या बेताला आलं की बल्ब दाबा. दाबल्यावर सुधारलं तर पेट्रोल पोचत नाहीये: पंपाचा पडदा, कुठेतरी हवा ओढणारा जोड किंवा आतून सोललेला पाइप. बल्ब आपोआप चपटा होत असेल तर अडथळा त्याच्या मागे, टाकीकडे आहे. कितीही दाबला तरी कडक होत नसेल तर हवा शिरतेय किंवा बल्बमधली झडप गेली. आणि दाबल्यावर इंजिन उलट गुदमरून बंद पडत असेल, धूर वाढत असेल, तर कार्बोरेटरमधली पेट्रोल अडवणारी सुई बसत नाहीये, पेट्रोल वर येतंय.

ऑइलबद्दल थोडं, कारण आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटतं की जास्त ऑइल म्हणजे जास्त काळजी. मॅन्युअलमध्ये ५०:१ दिलं असेल तर १० लिटर पेट्रोलला २०० मिली ऑइल, बस. ‘थोडं जास्त घालू, इंजिन टिकेल’ म्हणून ४०० घातलं की स्लोला प्लग काळे आणि ओले होतात, कार्बन बसतो, रिंगा चिकटतात. आणि ऑइल टीसी-डब्ल्यू३ असं लिहिलेलंच घ्या. स्कूटरचं टू-टी (2T) ऑइल हवेने थंड होणाऱ्या गरम इंजिनासाठी असतं. पाण्याने थंड होणाऱ्या आउटबोर्डमध्ये त्यातले राख करणारे घटक नीट जळत नाहीत आणि प्लगवर, पिस्टनवर बसतात.

आता ठिणगी. दोन्ही प्लग काढा आणि कोणता कुठल्या सिलिंडरचा हे लक्षात ठेवून शेजारी ठेवा. दोघांचा रंग सारखा, फिकट तपकिरी, तर उत्तम. एक कोरडा तपकिरी आणि दुसरा काळा-ओला, तर ओल्या प्लगचा सिलिंडर जळतच नाहीये. एखाद्या प्लगचं टोक पांढरं आणि त्यावर ॲल्युमिनियमचे बारीक ठिपके दिसले, तर इंजिन पुन्हा चालू करू नका, पिस्टन वितळू लागलाय. आणि एका भोकातून बॅटरीने पाहिल्यावर पिस्टन धुतल्यासारखा चकचकीत दिसला, तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जातंय, बहुतेक हेड गॅस्केटमधून.

कोणता सिलिंडर सुटलाय ते पक्कं करायला एकेकाची ठिणगी तोडून बघतात. इंजिन स्लोला, पकडीने (रबरी मुठीच्या, हाताने नाही) एका प्लगची टोपी काढून ती स्पार्क टेस्टरला लावा आणि टेस्टर इंजिनाच्या उघड्या धातूला जोडा. टोपी हवेत लोंबकळत ठेवली तर सीडीआय (ठिणगी सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) जळू शकतो आणि तो स्वस्त नाही. चांगल्या सिलिंडरची ठिणगी तोडली की इंजिनाचा वेग पडतो किंवा ते मरतं. सुटलेल्या सिलिंडरची तोडली की काहीच फरक पडत नाही. हीच परीक्षा आवाजालाही लावा. एका सिलिंडरची ठिणगी तोडताच ठक-ठक मऊ झाली, तर तो आवाज त्याच सिलिंडरच्या पिस्टनचा किंवा रॉडचा आहे. दोन्हीकडे काहीच बदल नाही, तर आवाज बहुतेक खालचा आहे, गिअरकडचा.

सुटलेला सिलिंडर सापडला की दोन्हीचे प्लग अदलाबदल करा, मग दोन्हीच्या कॉइल (प्लगला जास्त दाबाची वीज देणारी गुंडाळी). बिघाड त्या वस्तूबरोबर दुसरीकडे गेला तर वस्तू खराब, जागेवरच राहिला तर दोष दुसरीकडे. नवीन भाग विकत घेण्याआधी हे करा, पैसे वाचतात. मनगटाला अडकवायच्या लाल दोरीचा स्विचही तपासा. या इंजिनांत तो ठिणगीची तार इंजिनाच्या धातूला (अर्थला) लावून इंजिन बंद करतो, त्यामुळे आत खाऱ्या पाण्याचा गंज धरला की तो अर्धवट तेच करत राहतो आणि इंजिन कारणाशिवाय मिसिंग करतं. त्याची तार थोडा वेळ सोडून बघितली की कळतं. मात्र तपासणी झाली की ती पुन्हा जोडायचीच, कारण होडीतून माणूस पडल्यावर पंखा थांबवणारी तीच एक गोष्ट आहे.

कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये किती दाब तयार करतो ते, कुणी मोजलंय का? क्रँक गेला म्हणणाऱ्याने गेज लावलं नसेल तर त्याचं मत मी मानणार नाही. दोन्ही प्लग काढा, टोप्या इंजिनाच्या उघड्या धातूला जोडा, थ्रॉटल पूर्ण उघडं ठेवा, गेज लावून दोर चार-पाच वेळा जोरात ओढा. आकडा किती आला यापेक्षा दोघांत फरक किती हे महत्त्वाचं. १२० आणि ११५ पीएसआय असेल तर इंजिनाचं पोट चांगलं आहे. १२० आणि ९० असेल तर ९० वाल्याच्या रिंगा चिकटल्यात, सिलिंडर घासलाय किंवा गॅस्केट फुटलंय, आणि मग कार्बोरेटर कितीही धुतला तरी स्लो लागणार नाही. चिकटलेल्या रिंगा कधीकधी कार्बन काढणाऱ्या फवाऱ्याने रात्रभर भिजवून सुटतात. खोलण्याआधी तोही प्रयत्न करा.

इथे माझी एक चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मच्छीमाराचं इंजिन आलं होतं, खोल ठक-ठक आवाज, अगदी रॉडसारखा. मी कानाने ठरवलं आणि पूर्ण इंजिन खोललं. आत सगळं सुस्थितीत. जोडायला घेताना कळलं, फ्लायव्हीलचं नट ढिलं होतं आणि फ्लायव्हील आपल्या चावीवर (ते शाफ्टवर योग्य जागी ठेवणाऱ्या धातूच्या छोट्या तुकड्यावर) हलत होतं. त्या माणसाचे भर हंगामातले आठ दिवस माझ्यामुळे गेले, आणि ते त्याला परत देता येण्यासारखे नव्हते. तेव्हापासून ठक-ठक आली की मी पहिल्यांदा फ्लायव्हील दोन्ही हातांनी धरून हलवतो आणि टॉर्क रेंचने नट तपासतो. चावी अर्धी कापली गेली असेल तर टायमिंग सरकतं, स्लो बिघडतो, इंजिन उलटा झटका देतं, आणि हे सगळं अगदी क्रँकच्या आजारासारखं वाटतं.

आवाजाची जागा शोधायला लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक धातूवर आणि मूठ कानावर धरा. आधी क्रँककेसवर, मग हळूहळू खाली गिअरबॉक्सपर्यंत. हे करताना टोप उघडा असतो आणि फ्लायव्हील फिरत असतं. गळ्यात टॉवेल, ओढणी, सैल बाही काहीही नको. बाकीचे आवाज ओळखायला शिका. रेसला, भरधाव वेगात असताना ‘टिंग टिंग’ असा बारीक, कोरडा आवाज म्हणजे आत पेट्रोल चुकीच्या वेळी पेटतंय. रेस लगेच कमी करा. ‘कर्र-कर्र’ करून गिअर सुटतो आणि पुन्हा अडकतो, तो डॉग क्लचच्या कडा झिजल्याचा. गिअर टाकताना मोठा दणका येतो, तो बहुतेकदा स्लो जास्त ठेवल्यामुळे. बंद पडू नये म्हणून लोक स्लो वाढवतात आणि गिअर खराब करतात. इंजिन ओरडतं पण होडी पुढे जात नाही, तेव्हा पंख्याच्या मध्यातला रबर घसरतोय. आणि थरथर सगळ्या होडीभर पसरते, तेव्हा इंजिनाचे रबरी माउंट आणि ते ज्या मागच्या फळीला आवळलंय ती फळी हाताने दाबून बघा. कुजलेली फळी चांगल्या इंजिनालाही बदनाम करते.

खालची बाजू तपासायला एकच गोष्ट पुरेशी आहे, गिअर ऑइल. इंजिन रात्रभर उभं ठेवा, सकाळी खालचा स्क्रू आधी काढा, मग वरचा. आधी पाणी आलं किंवा ऑइल दुधाळ निघालं, तर सील गेलंय. पंखा काढून शाफ्टवर बघा, दहातल्या बऱ्याच वेळा तिथे तंगूस गुंडाळलेला असतो आणि त्यानेच सील कापलेलं असतं. देवबागच्या पाण्यात तंगूस नाही असं होणारच नाही. स्क्रूच्या चुंबकावर मऊ, काळी पेस्ट चालते. नखाला टोचणारे तुकडे आले तर गिअरबॉक्स खोलावाच लागेल. नवीन ऑइल खालून भरा, वरच्या भोकातून येईपर्यंत, म्हणजे आत हवा राहत नाही.

तुमच्या जागेला लागू असलेली आणखी एक गोष्ट. कर्ली खाडीच्या मुखाशी वाळूचे पट्टे आहेत आणि पर्यटकांना उतरवताना होडी त्या वाळूवरच लागते. इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंप ती वाळू ओढतो, त्यातल्या इंपेलरच्या (फिरत्या चकतीच्या) रबरी पाकळ्या आणि त्याची वाटी घासते. मागून उडणारी पाण्याची धार गेल्या वर्षीसारखी आहे का? बारीक झाली असेल तर आधी तिच्या भोकात तंगूस घालून मोकळं करा, बऱ्याचदा मीठ किंवा वाळूच अडकलेली असते. तरी सुधारली नाही तर इंपेलर बदला. खाऱ्या आणि वाळूच्या पाण्यात मी तो दर हंगामाला बदलतो, कारण इंजिन एकदा तापलं की वर सांगितलेले सगळे आजार त्याच्या मागून येतात. पाण्याशिवाय इंजिन क्षणभरही चालू करू नका, ‘फक्त चालू होतंय का बघू’ म्हणूनसुद्धा नाही. पडवीत केलेल्या अशा तपासणीत इंपेलरच्या पाकळ्या जळतात आणि मग खाडीत इंजिन तापतं.

तर तुमच्यासाठी क्रम असा: आज जुनं पेट्रोल काढा आणि बाटलीत बघा. उद्या कार्बोरेटर, प्लग, लाल दोरीचा स्विच. मग फ्लायव्हीलचं नट, कॉम्प्रेशन आणि गिअर ऑइल. गेज स्वतःकडे नसेल तर मोटारसायकलच्या गॅरेजमध्ये मिळतं, फक्त त्याचा अडॅप्टर तुमच्या प्लगच्या आट्यांचा आहे का ते बघून घ्या. एवढं झाल्यावर मला दोन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशनचे आकडे, प्लगांचे रंग, कोणत्या सिलिंडरची ठिणगी तोडल्यावर आवाज बदलला आणि गिअर ऑइल कसं निघालं हे लिहा. त्या उत्तरांनी क्रँककडेच बोट दाखवलं, तर इंजिन खोलायचं कसं तेही सांगेन.